केसातली साखर: केस तपासून मधुमेह ओळखता येतो का?

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटीमीटर लांबीचा केस हातात घेतला, तर त्याचं टोक अडीच वर्षांपूर्वी कधीतरी तयार झालेलं असतं आणि मुळाकडचा भाग अगदी अलीकडचा. केस जिथे घडतो त्या मुळाभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्या वेळी रक्तात जे असेल त्यातलं थोडंफार वाढत्या केसात अडकतं. केस त्वचेबाहेर येतो तेव्हा त्यात जिवंत पेशी उरलेल्या नसतात. रक्ताशी त्याचा संबंध संपतो आणि आत जे अडकलं ते तिथेच राहतं.

या जोरावर केसावरून विषबाधा ओळखतात, अमली पदार्थांचं सेवन ओळखतात. मग मधुमेह का नाही? सुई टोचायला नको, उपाशी राहायला नको, चार केस कापून पाकिटात घालून पाठवले की काम झालं. कल्पना मोहात पाडणारी आहे यात शंका नाही. तिच्यावर चाळीसेक वर्षं संशोधन चालू आहे, शोधनिबंध भरपूर आहेत, आणि केस तपासून 'तुमच्या शरीरात काय चाललंय ते सांगतो' म्हणणाऱ्या खासगी कंपन्याही आहेत. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या किंवा अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निदानाच्या निकषांत केसाचं नावही नाही. हे का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी रक्ताचं बघू

मधुमेहाचं निदान आज प्रामुख्याने तीन आकड्यांवर होतं. उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त. आणि एचबीए१सी, जिला बोलताना सगळे 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात, ती ६.५ टक्के किंवा जास्त. लक्षणं काहीच नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

यातली एचबीए१सी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची, कारण केसाच्या तपासणीमागचं तर्कशास्त्र बरंचसं तिच्याकडूनच उसनं घेतलेलं आहे. रक्तातलं ग्लुकोज प्रथिनांना चिकटतं. त्यासाठी शरीराला कुठलंही एन्झाइम लागत नाही. साखर आणि प्रथिन जवळ आले की हळूहळू हे आपोआप घडतं. साखर जास्त, तर चिकटणं जास्त. लाल रक्तपेशीतल्या हिमोग्लोबिनला असं चिकटलेलं ग्लुकोज मोजलं की तेच एचबीए१सी. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून या आकड्यात गेल्या दोन-तीन महिन्यांची गोळाबेरीज दिसते. मधुमेहींच्या रक्तात हे बदललेलं हिमोग्लोबिन जास्त असतं, हे इराणी डॉक्टर सॅम्युएल राहबार यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं. निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ही तपासणी स्वीकारली ती २०११ मध्ये. मधे चार दशकं गेली. हा काळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एचबीए१सी सगळ्यांत लंगडी पडते ती लाल पेशींचं गणित बिघडलं की. थॅलेसेमिया, सिकल सेल, नुकताच झालेला रक्तस्राव, नुकतंच चढवलेलं रक्त, मूत्रपिंडाचा जुना आजार, गरोदरपण, अशा वेळी आकडा खरा असेलच असं नाही. शरीरात लोह कमी असेल तर साखर न वाढताही तो थोडा वर जाऊ शकतो. शिवाय रक्त काढायला माणूस लागतो, नमुना जपावा लागतो, वेळेत लॅबमध्ये पोचवावा लागतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात सुमारे ५३ कोटी ७० लाख प्रौढांना मधुमेह होता आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना तो असल्याचा पत्ताच नव्हता. तेव्हा सोपी, न टोचणारी, कुठूनही पाठवता येणारी तपासणी हवी, ही गरज खरी आहे. केसांवर काम करणाऱ्या संशोधकांना कोणी हसण्याचं कारण नाही.

केराटिनला चिकटलेली साखर

केस बहुतांशी केराटिन या प्रथिनाचा असतो. हिमोग्लोबिनला साखर चिकटते तशी केराटिनलाही चिकटणार, हे उघड आहे. साखर आणि प्रथिन यांच्यातल्या या रासायनिक प्रक्रियेचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिल मायार यांनी १९१२ मध्ये केलं होतं. पदार्थ भाजताना वरून तांबूस रंग धरतो, तीही हीच प्रक्रिया, फक्त आचेमुळे वेगाने होते. केसातली ही चिकटलेली साखर मोजून दीर्घकाळच्या वाढलेल्या साखरेचा अंदाज घेता येईल का, असा प्रश्न विचारणारा निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९८४ साली आला. मधुमेहींच्या केसात ती सरासरीने जास्त सापडते, हे तेव्हापासून माहीत आहे.

केसावरून मधुमेह ओळखण्याच्या जितक्या वाटा सुचवल्या गेल्या आहेत, त्यांत मला हीच सर्वांत सरळ वाटते. मधुमेह म्हणजे रक्तात साखर वाढणं, आणि इथे प्रत्यक्ष साखरच मोजली जाते. मधे कुठला आडवळणाचा दुवा नाही.

मग अडतं कुठे? वेळेत. लाल पेशी चार महिने साखर मिसळलेल्या रक्तात पोहत असते, तिच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटायला पुरेसा अवधी मिळतो. केसाचा प्रत्येक मिलिमीटर मुळाशी काही दिवसच रक्ताच्या सान्निध्यात असतो. पाकात रात्रभर मुरत ठेवलेला तुकडा आणि बुडवून लगेच काढलेला तुकडा यांच्या गोडीत जो फरक पडेल, तोच इथेही. त्यात साखर प्रथिनाला चिकटते ती मुख्यतः लायसिन या अमिनो आम्लाच्या जागी, आणि केसाच्या केराटिनमध्ये लायसिन तसं कमीच. म्हणजे चिकटायला जागाही थोड्या आणि वेळही थोडा. जो संकेत पकडायचा तो मुळात क्षीण असतो.

शिवाय केस बाहेर आल्यावर त्याच्यावर काय काय होतं ते बघा. ऊन, ब्लीच, रंग, स्ट्रेटनिंगची गरम इस्त्री, रोजचं धुणं. ब्लीचने केराटिनमधले गंधकाचे बंध तुटून त्यांचं दुसऱ्याच रसायनात रूपांतर होतं. केसात सहा महिन्यांपूर्वी साखर किती चिकटली होती हे शोधायचं, तर आधी या सगळ्या उलथापालथीतून वाट काढावी लागते.

म्हणूनच बहुधा काही संशोधक केसाकडून नखाकडे वळले. नखही केराटिनचंच, पण जाड, महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढणारं आणि सहसा ब्लीच न होणारं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी काँगोतल्या सहकाऱ्यांबरोबर नखाच्या कापलेल्या तुकड्यांत चिकटलेली साखर मोजून मधुमेह ओळखता येतो का, हे तपासलं. पुढे नखावर नुसता अवरक्त प्रकाश टाकून वाचन घेण्याचीही पद्धत वापरून पाहिली. अवरक्त किरणांत केराटिन आणि साखर चिकटलेलं केराटिन थोडं वेगवेगळं वागतं, त्या फरकावरून अंदाज बांधायचा. रसायनं लागत नाहीत, नमुना नष्ट होत नाही, साध्या तापमानाला टिकतो. या दिशेने पुढे काहीतरी हाती लागेल, असं वाटण्याजोगं आहे.

जस्त, क्रोमियम आणि बाकीची मंडळी

'केसांची तपासणी' म्हटलं की बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. असते ती खनिजांची यादी: जस्त इतकं, क्रोमियम इतकं, मॅग्नेशियम, तांबं, मँगनीज, शिसं. मधुमेहावरचे केसांचे सर्वाधिक शोधनिबंध याच प्रकारचे आहेत आणि खासगी कंपन्याही हीच तपासणी विकतात.

यामागे काही आधार नाही असं नव्हे. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन साठवतात ते जस्ताच्या मदतीने. इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताच्या अणूंभोवती गोळा होऊन बसतात. मधुमेहात लघवीवाटे जस्त जास्त जातं, मॅग्नेशियमही जातं. म्हणून मधुमेहींच्या केसात जस्त कमी सापडलं, तर नवल नाही, आणि बऱ्याच अभ्यासांत ते तसं सापडलंही आहे. क्रोमियमची गोष्ट जास्त डळमळीत आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस उंदरांवरच्या प्रयोगांतून क्रोमियम साखरेच्या नियंत्रणासाठी आवश्यक असल्याची कल्पना पुढे आली आणि पुढची कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिली. २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने पुरावा तपासून सांगितलं की निरोगी माणसाला रोज किती क्रोमियम हवं असा आकडा ठरवण्याइतकाही आधार मिळत नाही. गोळ्यांच्या बाटल्यांवर मात्र क्रोमियम अजून साखरेचा मित्र आहे.

आता हे मोजतात कसं ते जवळून बघू, कारण खरी गडबड तिथेच आहे. केस डोक्याच्या मागच्या, वरच्या भागातून घेतात, कारण तिथली वाढ सगळ्यांत एकसारखी असते. पेन्सिलीएवढी बारीक बट दोऱ्याने बांधायची, त्वचेला अगदी लागून कात्रीने कापायची, मुळाकडची बाजू कुठली ते खूण करून ठेवायचं. ही खूण करायची राहून गेली की महिने उलटेपालटे होतात. मुळाकडचे पहिले ३ सेंटीमीटर घेतले की गेले तीन महिने. तिथेही थोडी भेसळ असते. कुठल्याही वेळी डोक्यावरचे दहाएक टक्के केस वाढ थांबवून बसलेले असतात, त्यांचं 'मुळाकडचं' टोक तीन महिने जुनं असू शकतं. मग हे केस ॲसिटोन आणि पाण्याने आलटून पालटून धुतात, वाळवतात, मिलिग्रॅममध्ये तोलतात आणि गरम नायट्रिक आम्लात पूर्ण विरघळवतात. तो द्रव यंत्रात जातो, हजारो अंश तापमानाच्या प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित वायूत, त्याचे अणू सुटे होऊन त्यांवर विद्युतभार येतो आणि वजनावरून त्यांची मोजणी होते. यंत्र जबरदस्त आहे. अब्जात एक भाग इतकं जस्तसुद्धा ते बिनचूक सांगेल.

पण ते जस्त आलं कुठून, हे ते सांगणार नाही. कोंड्यावरच्या कित्येक शॅम्पूंमध्ये झिंक पायरिथिओन हे जस्ताचंच संयुग असतं आणि ते केसाला, डोक्याच्या त्वचेला चिकटून राहावं अशाच हेतूने घातलेलं असतं. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. घामात खनिजं असतात, धुळीत असतात, केसांच्या रंगात असतात. केसाला काळा रंग देणाऱ्या मेलॅनिनला धातू चिकटतात, म्हणून काळा केस आणि पांढरा केस एकाच डोक्यावर असूनही वेगळा आकडा देऊ शकतात. धुऊन काढायचं म्हटलं, तर कमी धुतल्यास बाहेरचं राहतं आणि जास्त धुतल्यास आतलंही जातं.

आतलं की बाहेरचं, हा प्रश्न किती चिवट आहे त्याचं उत्तम उदाहरण नेपोलियनचं. त्याच्या केसांत आर्सेनिक भरपूर सापडलं, त्यावरून सेंट हेलेना बेटावर त्याला विष दिल्याच्या कथा वर्षानुवर्षं रंगल्या. २००८ मध्ये इटलीतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी त्याच्या लहानपणाचे, एल्बावरच्या मुक्कामातले आणि मृत्यूच्या वेळचे असे केस तपासले. सोबत त्याचा मुलगा आणि पत्नी जोसेफिन यांचेही तपासले. सगळ्यांतच आर्सेनिक होतं, आजच्या माणसांच्या केसांपेक्षा सुमारे शंभरपट. म्हणजे त्या काळी लोकांच्या आयुष्यातच आर्सेनिक पसरलेलं होतं. तुलनेला इतर माणसांचे केस नसते, तर विषप्रयोगाची कथा आणखी शंभर वर्षं चालली असती.

विष ओळखतात, मग साखर का नाही?

केस खरोखर उत्तम काम करतो अशा जागा आहेत. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये बुरशीनाशक म्हणून मिथाइल पारा लावलेलं बियाण्याचं धान्य लोकांनी खाल्लं आणि मोठी विषबाधा झाली. तेव्हा बाधितांच्या लांब केसांचे सेंटीमीटर-सेंटीमीटर तुकडे करून कुठल्या महिन्यात किती पारा शरीरात गेला होता याचा आलेख काढता आला. अमली पदार्थांचंही तसंच. केसाने तिथे नाव कमावलं.

दोन्हीकडे शोधायची वस्तू परकी आहे. शरीरात ती एरवी नसते किंवा अगदी नगण्य असते. ती आहे की नाही, आणि असली तर शेकडो पट आहे का, एवढंच विचारायचं असतं. मधुमेहात शोधायची वस्तू प्रत्येकाच्या रक्तात आहे. निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर ९० असेल आणि मधुमेहाची रेघ १२६ वर. फरक दीडपटीहूनही कमी. एचबीए१सीत ५.६ टक्क्यांना आपण 'ठीक' म्हणतो, ६.५ ला 'मधुमेह'. या दोन आकड्यांमधला फरक पंधरा-सोळा टक्क्यांचा आहे. इतका बारीक फरक पकडायचा तर मोजमापातली चूक त्याच्या कितीतरी आत हवी. रक्ताच्या बाबतीत ती आहे. वेगवेगळ्या लॅबमधल्या एचबीए१सीचे आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून १९९६ पासून अमेरिकेत प्रमाणीकरणाचा स्वतंत्र कार्यक्रम चालतो, पुढे आंतरराष्ट्रीय संदर्भपद्धतही आली, आणि चांगल्या लॅबमधली चूक दोन-तीन टक्क्यांत ठेवतात.

केसाचं काय? १९८५ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन निरोगी किशोरवयीन मुलींचे केस तेरा व्यावसायिक लॅबना पाठवून पाहिले होते. एकाच डोक्यावरचे केस आणि निष्कर्ष भलतेच वेगवेगळे. तेरांपैकी सहा लॅबनी कसल्या ना कसल्या पूरक आहाराचा सल्लाही दिला. टीका झाली, लॅबनी पद्धती सुधारल्याचं सांगितलं. २००१ मध्ये 'जामा' या नियतकालिकात पुन्हा तसाच प्रयोग प्रसिद्ध झाला. एका निरोगी व्यक्तीच्या केसांचा एकच नमुना वाटून सहा लॅबना दिला. बारा खनिजांच्या बाबतीत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत दहापटीहून जास्त तफावत निघाली. 'नॉर्मल' कशाला म्हणायचं यावरही लॅबचं एकमत नव्हतं.

पंधरा टक्क्यांचा फरक ओळखायचा आहे आणि मोजपट्टी दहापट हलते आहे. केसातल्या खनिजांवरून एका माणसाचं निदान करायला माझा आक्षेप मुख्यतः इथे आहे; बाकीचे मुद्दे नंतरचे.

'८५ टक्के अचूक' म्हणजे काय?

यावर एक उत्तर देतात: एकट्या जस्तावर नका जाऊ, दहा-वीस मूलद्रव्यं एकत्र बघा आणि संगणकाला त्यांतला आकृतिबंध शिकू द्या. मशीन लर्निंगच्या साहाय्याने केसांतल्या मूलद्रव्यांवरून मधुमेही आणि निरोगी असे दोन गट वेगळे करून दाखवल्याचे निबंध आहेत. त्यांतले आकडे घसघशीत दिसतात. ते वाचताना दोन गोष्टींकडे नजर ठेवावी.

पहिली म्हणजे नमुने किती होते आणि कुठून आणले होते. पन्नास-शंभर लोक आणि वीस मूलद्रव्यं असतील तर संगणक योगायोगातही आकृतिबंध शोधून काढतो. मधुमेही रुग्ण रुग्णालयातून घेतले आणि निरोगी माणसं विद्यापीठातले कर्मचारी असतील, तर दोन्ही गटांचं वय वेगळं, आहार वेगळा, औषधं वेगळी, पिण्याचं पाणीही वेगळं. मग यंत्राने नेमकं काय ओळखलं? मधुमेह, की वर्षानुवर्षं औषधं घेणं, की वस्तीतलं पाणी? ज्यांना मधुमेह असल्याचं आधीच माहीत आहे त्यांना ओळखून उपयोगही नाही. ओळखायचं आहे ते ज्याला पत्ता नाही त्याला.

दुसरी गोष्ट हिशेबाची. हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा एक तपासणी मधुमेही असलेल्या शंभरांतल्या ८५ जणांना बरोबर पकडते आणि नसलेल्या शंभरांतल्या ८५ जणांना बरोबर सोडते. अभ्यासात ५०० मधुमेही आणि ५०० निरोगी घेतले. तपासणीने ४२५ मधुमेही पकडले, ७५ निरोगी चुकून पकडले. 'मधुमेह आहे' असा रिपोर्ट आलेल्या ५०० जणांपैकी ४२५ जणांना खरंच तो आहे. छान.

आता हीच तपासणी सर्वसाधारण १००० लोकांवर करा, ज्यांत १०० जणांना मधुमेह आहे. त्यांतले ८५ सापडतील, १५ निसटतील. उरलेल्या ९०० निरोगी लोकांपैकी १५ टक्के, म्हणजे १३५ जण, विनाकारण पकडले जातील. 'आहे' असा रिपोर्ट २२० जणांच्या हातात, त्यातला खरा फक्त ८५ जणांचा. शंभरात ३९. तपासणी तीच, निबंधातला आकडाही खरा, आणि तरी रिपोर्ट हाती आलेल्या दहांपैकी सहा जणांची झोप उगाच उडाली. जे १५ निसटले ते 'आपल्याला काही नाही' म्हणून निर्धास्त, ते वेगळेच.

रक्ताच्या तपासण्याही या हिशेबातून सुटत नाहीत. पण तिथे रेघ कुठे ओढायची हे हजारो लोकांचे डोळे तपासून ठरवलं गेलं. साखरेच्या कुठल्या पातळीच्या पुढे दृष्टिपटलावर मधुमेहाची इजा दिसू लागते, त्याच्या आसपास १२६ आणि ६.५ हे आकडे बसवलेले आहेत. केसातलं कुठलंही मोजमाप डोळ्यांशी किंवा मूत्रपिंडांशी अशा प्रकारे बांधलेलं नाही. रेघच नाही, मग अलीकडे की पलीकडे कसं सांगणार?

आणखी दोन वाटा

कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक केसात मोजता येतं आणि संशोधनात त्याचा खरोखर उपयोग होतो, कारण रक्तातलं कॉर्टिसॉल दिवसभर खालीवर होत असतं आणि ३ सेंटीमीटर केसात तीन महिन्यांचा अंदाज मिळतो. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात केसात कॉर्टिसॉल जास्त असलेल्या वयस्कर लोकांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळले. पण हे नातं आहे, निदान नव्हे. कॉर्टिसॉल वाढण्याची कारणं ढीगभर असतात.

दुसरी वाट क्ष-किरणांची, आणि ती सावध करणारी. १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये एक दावा आला की केसावर क्ष-किरण टाकून उमटणाऱ्या नक्षीत स्तनाचा कर्करोग ओळखू येतो. त्याआधी इन्सुलिनवर असलेल्या मधुमेहींच्या केसाच्या रचनेतही बदल दिसल्याचं त्याच पद्धतीने सांगितलं गेलं होतं. कर्करोगाचा दावा इतरांनी तपासला तेव्हा ती नक्षी काही निरोगी लोकांच्या केसात दिसली आणि काही रुग्णांच्या केसात दिसली नाही. मोठ्या नियतकालिकात छापून येणं आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तेच दिसणं यांत बरंच अंतर असतं.

पुढे काय होऊ शकतं

केसाचं एक वैशिष्ट्य रक्ताकडे नाही: क्रम. एचबीए१सी सरासरी सांगते, पण पहिल्या महिन्यात साखर चढली की तिसऱ्यात, हे सांगत नाही. केसाच्या लागोपाठच्या तुकड्यांतून ते तत्त्वतः कळू शकेल. गरोदरपणात साखर नक्की कधी वाढू लागली, अशा प्रश्नांना संशोधनात याचा उपयोग होण्यासारखा आहे.

रोजच्या निदानात मात्र केसाला स्पर्धा फार आहे, आणि याबद्दल केसांच्या बाजूने लिहिणारे सहसा गप्प असतात. बोटाला टोचून कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातून एचबीए१सी मोजता येते, तो कागद टपालानेही जातो. लाल पेशींचं गणित बिघडलेल्यांसाठी फ्रुक्टोसामीन आणि ग्लायकेटेड अल्ब्युमिन या तपासण्या आहेत. त्या रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजतात आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांचं चित्र देतात. दंडावर चिकटवायचे सेन्सर रात्रंदिवस साखर टिपतात. म्हणजे केसाला फक्त 'काहीतरी दिसतं' एवढं सिद्ध करून चालणार नाही. या सगळ्यांपेक्षा आपण कुठे सरस आहोत हे दाखवावं लागेल. त्यासाठी निदान न झालेले हजारो लोक हवेत, केस वाचणाऱ्याला रक्ताचा रिपोर्ट माहीत नसायला हवा, वेगवेगळ्या लॅबमध्ये एकच आकडा यायला हवा. एचबीए१सीला शोधापासून निदानापर्यंत चाळीस वर्षं लागली, ती याच कामात. आणि ज्यांचं डोकं तुळतुळीत आहे, केमोथेरपी चालू आहे किंवा केस नुकतेच रंगवले आहेत, त्यांच्यासाठी दुसरी सोय लागेलच.

तोवर कोणाच्या हाती केसांच्या खनिजांचा रिपोर्ट पडला आणि त्यात 'मधुमेहाकडे कल' असं लिहिलेलं असलं, तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी करून घ्यावी. उलट रिपोर्ट 'सर्व नॉर्मल' सांगत असेल, पण तहान फार लागते, रात्री लघवीला उठावं लागतं, वजन उतरतंय किंवा आईवडिलांना मधुमेह आहे, तरीही याच दोन तपासण्या कराव्यात. चालू असलेलं औषध केसांच्या रिपोर्टवरून बंद करू नये. सोबत क्रोमियम-जस्ताच्या गोळ्यांची यादी आलेली असेल, तर ती आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नये. जस्त बराच काळ जास्त प्रमाणात घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि त्यातून ॲनिमिया होऊ शकतो. गोळ्या विकणारी कंपनी आणि केस तपासणारी कंपनी एकच आहे का, हेही एकदा बघून घ्यावं.